खरपूस हवं, करपट नको: रंग आणताना या चुका टाळा

कांदा कितीही परतला तरी तांबूस होत नाही, नुसता मऊ पडतो. अशा वेळी आपण आच वाढवतो, पण दोष बहुधा पाण्याचा असतो. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि साखर यांच्यातली, खमंग वास आणि तपकिरी रंग देणारी मायार अभिक्रिया मात्र साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं.

म्हणून पॅनमध्ये गर्दी करू नका. फोडी एकमेकींना चिकटून असल्या की वाफ कोंडते आणि पदार्थ भाजण्याऐवजी शिजतो. त्यापेक्षा दोन घाण्यांत करा. बटाटा, मांस आधी कोरडं पुसून घ्या. मशरूमला मीठ शेवटी घाला, कारण मिठाने पाणी सुटतं. आणि सारखं हलवू नका! तळाला टेकून राहिल्याशिवाय रंग धरत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की कांदा लवकर रंगतो हे खरं, पण लगदा होतो आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मला तो उपाय पटत नाही. कांद्याला मंद आच आणि पाऊण तास द्यावा.

साखरेचं कॅरॅमल जास्त नाजूक. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही, म्हणून जाड बुडाचं, फिकट रंगाचं भांडं घ्या. साखर पाण्यात विरघळवून करत असाल, तर उकळी आल्यावर चमचा लावू नका, भांडं नुसतं गोल फिरवा. ढवळल्याने पुन्हा दाणे धरतात. सुरुवातीलाच लिंबाच्या रसाचे दोन थेंब घातले तर तो धोका कमी होतो. तरीही दाणे धरलेच, तर थोडं पाणी घालून पुन्हा विरघळवा, काही वाया जात नाही.

सगळ्यात मोठी चूक उतरवण्याच्या वेळेची. १७० अंशांच्या पुढे रंग झपाट्याने गडद होतो आणि गॅस बंद केल्यावरही भांड्यातल्या उष्णतेने तो वाढतच राहतो. हव्या त्या रंगाच्या एक छटा आधीच उतरवा. सॉससाठी क्रीम घालणार असाल तर ते कोमट करून, थोडं थोडं घाला, थंड असेल तर मिश्रण फसफसून अंगावर उडतं. चव घ्यायला बोट मुळीच लावू नका, हा पाक कातडीला चिकटून खोल भाजतो.

धूर आणि कडवट वास आला तर ते कॅरॅमल टाकून द्या. वरून साखर घातल्याने तो कडवटपणा जात नाही. भाजताना पॅनला चिकटलेला थर तांबूस असेल, तर चमचाभर पाणी घालून खरवडून रश्श्यात घ्या. काळा असेल, तर पॅन धुऊन टाका.