टीव्हीवरच्या क्विझ शोला पहिल्यांदा जाताय? तयारी कशी करायची ते सविस्तर

क्विझ शोला जायचं ठरलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर जाडजूड जीकेचं पुस्तक आणतात आणि पान एकपासून पाठ करायला बसतात. मी अशा शोच्या हॉट सीटवर बसून आलेय, नंतर नव्याने जाणाऱ्या बऱ्याच जणांची तयारीही करून घेतलीये, त्यावरून सांगते, माहिती तर लागतेच पण माणूस अडकतो तो वेगळ्याच जागी. हे मला खरंच येतंय की नुसतं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय, हेच त्या खुर्चीत बसल्यावर कळेनासं होतं. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून याच एका गोष्टीवर येणारे.

पण त्याआधी शो कोणता ते ठरवा, कारण प्रत्येकाची तयारी वेगळी. करोडपती पठडीतले शो म्हणजे ब्रिटनमध्ये १९९८ ला सुरू झालेल्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'ची भावंडं, आपल्याकडे ३ जुलै २००० ला केबीसी म्हणजे 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि मराठीत 'कोण होणार करोडपती'. इथे चार पर्याय समोर असतात, वरच्या प्रश्नांना निवांत विचार करता येतो आणि पटलं नाही तर पैसे घेऊन उठता येतं. अमेरिकेतल्या 'जेपर्डी'मध्ये पर्याय नसतात, तिघे एकाच वेळी उभे, आणि होस्टने वाचून संपवायच्या आत बझर दाबलात तर पाव सेकंद तुमचा बझर बंद होतो. ऐकायला काहीच वाटत नाही पण तेवढ्यात दुसरा उत्तर देऊन मोकळा. ब्रिटनच्या 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'मध्ये प्रश्न मध्येच तोडून चुकीचं बोललात तर ५ गुण कापतात. तिकडच्याच 'मास्टरमाइंड'मध्ये बरोबरी झाली तर ज्याने कमी वेळा पास म्हटलं तो पुढे, म्हणजे तिथे पास म्हणणं सुद्धा विचार करूनच. तर आपल्या शोचे जमतील तेवढे जुने एपिसोड बघा आणि बघताना गोष्टीत रमू नका, नियम बघा, स्पर्धक कुठल्या क्षणी गडबडला ते बघा. मी पुढे मुख्यतः करोडपती पठडीबद्दलच लिहितेय कारण मराठी वाचकांपैकी जास्त जण तिकडेच जातात.

अभ्यासाची माझी पद्धत सांगते. एक प्रश्न वाचला, उत्तर बघितलं, पुढचा प्रश्न, असं करू नका. चुकीचे तीन पर्याय पण वाचा. उदाहरणार्थ प्रश्न आला, टायटन हा कुठल्या ग्रहाचा चंद्र? शनी, गुरू, युरेनस, नेपच्यून. उत्तर शनी, झालं, पण थांबायचं नाही, मग गुरूचा सगळ्यात मोठा चंद्र कुठला, गॅनिमीड. युरेनसचा, टायटानिया. नेपच्यूनचा, ट्रायटन. आता बघा, टायटन, टायटानिया, ट्रायटन ही तीन नावं लाइटखाली बसल्यावर डोक्यात कशी एकमेकांत मिसळतील, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं म्हणून तर तो असे पर्याय ठेवतो. याच चौघांचा शोध कधी लागला ते पण बघून ठेवा, गॅनिमीड १६१०, टायटन १६५५, टायटानिया १७८७, ट्रायटन १८४६. झाला की नाही क्रम लावायचा एक प्रश्न तयार! एका प्रश्नातून अशी आठ-दहा तथ्यं निघतात आणि ती एकमेकांना धरून असल्यामुळे लक्षातही राहतात.

जो विषय आपल्याला अजिबात येत नाही त्यासाठी लहान मुलांची पुस्तकं वाचा. हे मी गंमत म्हणून नाही सांगत, २०१९ मध्ये जेपर्डीत सलग ३२ वेळा जिंकलेल्या जेम्स होल्झहाउअरने हेच केलं होतं, लायब्ररीतल्या मुलांच्या विभागात बसून. चित्रं असतात, भाषा सोपी असते आणि त्या विषयातलं जे विचारलं जाण्यासारखं असतं नेमकं तेवढंच त्यात असतं. क्विझला कुठल्याच विषयाची खोली फार लागत नाही, सगळ्या विषयांचा वरचा थर लागतो. यूपीएससी-एमपीएससी करणाऱ्यांना इथे फायदा होतो, केबीसीचे पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे २००० साली स्पर्धा परीक्षेचीच तयारी करत होते. पण सिनेमा, खेळ, गाणी, पुराणकथा याकडे या मंडळींचं दुर्लक्ष असतं, तेवढं भरून काढा.

आता मुख्य मुद्दा. सराव करताना प्रत्येक उत्तराशेजारी वहीत एक खूण करायची, उत्तर तपासायच्या आधी. 'पक्कं', 'अंदाज' किंवा 'कोरं'. मग तपासायचं, आणि एकूण गुण किती पडले ते सोडा, 'पक्कं' लिहिलेल्यातली किती चुकली ते मोजा. शंभरात दहा-पंधरा पक्की उत्तरं चुकत असतील तर तुमची खात्री सैल आहे, आणि अशी सैल खात्री घेऊन मोठ्या रकमेच्या प्रश्नाला सामोरं जाणं फार धोक्याचं. उलट काहींची 'अंदाज' वाली उत्तरं धडाधड बरोबर येतात, त्यांना येत असतं पण ते घाबरतात, आणि अशी माणसं शोमध्ये फार लवकर उठतात. दोन्हीला औषध एकच, ही वही नेटाने ठेवणं. काही आठवड्यांत आपल्या आतला आवाज ओळखू यायला लागतो, म्हणजे पुस्तकातलं पान डोळ्यासमोर दिसतंय म्हणून पक्कं, की नुसतं नाव ओळखीचं वाटतंय म्हणून पक्कं. दुसऱ्या प्रकारचं पक्कं हे पक्कं नसतं.

रजिस्ट्रेशन आणि ऑडिशनबद्दल थोडक्यात. रजिस्ट्रेशनच्या प्रश्नांनंतरची निवड बरीचशी नशिबावर असते, त्यामुळे कॉल नाही आला तर स्वतःला दोष देऊ नका, पुढच्या वर्षी परत भरा. ऑडिशनला जीकेची टेस्ट आणि मुलाखत असते. मुलाखतीत पाठ केलेलं भाषण नको, आपण रोज काय काम करतो ते साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. केबीसीत २०१९ ला एक कोटी जिंकलेल्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, त्या ते जसंच्या तसं सांगायच्या आणि लोकांना त्या आवडल्या त्या याच साधेपणामुळे. आणि हो, मोठ्याने विचार करायची सवय लावून घ्या. पर्याय 'ब' मला का नको वाटतोय ते बोलून दाखवणारा स्पर्धक टीव्हीला हवा असतो, शिवाय बोलताना आपली चूक आपल्यालाच ऐकू येते, हा फायदा वेगळाच.

आणि कोणी पैसे घेऊन निवड करून देतो म्हणाला किंवा लॉटरी लागली म्हणून फोन आला तर सरळ कट करा. केबीसीच्या नावाने असे फसवणुकीचे फोन वर्षानुवर्षं येताहेत.

फास्टेस्ट फिंगर फर्स्ट, म्हणजे हॉट सीटवर कोण बसणार ते ठरवणारी फेरी. इथे भले भले जीकेवाले मागे राहतात. चार गोष्टी क्रमाने लावायच्या आणि निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर. पहिली गोष्ट म्हणजे क्रम कुठून कुठे ते कान देऊन ऐका, उतरता की चढता, उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलटं, कारण चारही गोष्टी येत असून उलट क्रम लावणारे मी पाहिलेत. दुसरं, चारही आठवत बसू नका, पहिला आणि शेवटचा कुठला ते पकडा, मधल्या दोघांचाच प्रश्न उरतो. आणि बोटांची सवय हवी. मोबाइलवर ए, बी, सी, डी अशी चार मोठी बटणं काढून घ्या आणि घरच्या कुणालातरी प्रश्न वाचायला लावून खऱ्याखुऱ्या घड्याळावर सराव करा.

लाइफलाइन म्हणजे प्रश्नावर अडल्यावर घ्यायची मदत, त्यांच्याबद्दल लोकांचा एक समज असतो की जेवढ्या वाचवू तेवढं बरं. मला हे अजिबात पटत नाही. ऑडियन्स पोल, म्हणजे प्रेक्षकांचं मत, वरच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला तर वाया जातो, कारण सिनेमा, क्रिकेट, रोजच्या बातम्या यात शंभर माणसं मिळून हुशार असतात, पण एखाद्या जुन्या तहाचं साल त्यातल्या दोघांनाच माहीत असतं आणि बाकीचे बटण तर दाबतातच. 'मिलियनेअर'च्या फ्रान्सच्या आवृत्तीत पृथ्वीभोवती काय फिरतं या प्रश्नाला ५६ टक्के प्रेक्षकांनी सूर्य म्हणून मत दिलं होतं. म्हणजे टक्केवारीकडे बघायचं ते आपण स्वतः काय विचार केलाय त्याच्या जोडीने बघायचं, डोळे झाकून नाही.

फोनच्या लाइफलाइनसाठी ३० सेकंद मिळतात, हे ध्यानात ठेवून मित्र निवडा. सगळ्यात हुशार मित्र नको, 'मला माहीत नाही' हे दोन सेकंदांत सांगणारा मित्र हवा. घरी त्याच्यासोबत स्टॉपवॉच लावून सराव करा, नमस्कार-चमत्कार नाही, लगेच प्रश्न, मग पर्याय, आणि त्याने उत्तरासोबत किती टक्के खात्री आहे तेही सांगायचं. 'मला वाटतं सी' आणि 'सी, नव्वद टक्के' यात लाखोंचा फरक असतो. अमेरिकेतल्या 'मिलियनेअर'मध्ये १९९९ ला जॉन कार्पेंटर शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोचला आणि मग वडिलांना फोन केला तो फक्त मी जिंकतोय हे सांगायला, पण असा माणूस क्वचित, त्याचा कित्ता गिरवू नका.

आता खेळायचं की उठायचं. केबीसीची कित्येक सीझनची शिडी घ्या, ३ लाख २० हजार हा पक्का टप्पा. तिथे नुकतेच पोचला असाल तर पुढचा ६ लाख ४० हजारांचा प्रश्न कधीच सोडू नका, चुकलात तरी ३ लाख २० हजारच मिळणार आहेत, गमावण्यासारखं काहीच नाही! हे इतकं सरळ असून तिथे घाबरून उठू का म्हणणारे असतात. वरचं मात्र अवघड. समजा हातात १२ लाख ५० हजार आहेत, पुढचा प्रश्न २५ लाखांचा, चुकलं तर खाली ३ लाख २० हजार. नुसतं गणित केलं तर साधारण ४३ टक्के खात्री असली तरी खेळणं फायद्याचं निघतं, म्हणजे दोन चुकीचे पर्याय काढून टाकणाऱ्या फिफ्टी-फिफ्टी लाइफलाइननंतर उरलेल्या दोनात नाणं उडवलं तरी गणित म्हणतं खेळ. पण ही सरासरी शंभर वेळा खेळणाऱ्यासाठी खरी, तुम्ही खेळणार एकदाच, आणि घरावर कर्ज असेल तर हातातून गेलेले ९ लाख ३० हजार सरासरीने भरून निघत नाहीत. माझं मत असं की कुठल्या रकमेला आपली अडचण सुटते ते घरीच ठरवा, सोबत येणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. त्या रकमेच्या खाली असताना अंदाजावर खेळा, तिच्या वर पोचलात की फक्त पक्क्यावर. तिथे बसून ठरवायला गेलात तर टाळ्या ठरवतात.

सेटवरचा दिवस लांबलचक असतो. एसी कडक, लाइट तापलेले, आणि आपली पाळी येईपर्यंत तासनतास बसणं. बारीक रेघांचे कपडे कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसतात म्हणून नको, कंपनीचं नाव-लोगो असलेले नको, आणि माइकची क्लिप लागेल असा गळा किंवा कॉलर हवी, पातळ ओढणी वगैरे घेतली तर ती सतत माइकला घासते आणि साउंडवाले येऊन परत परत नीट करतात, त्यात आपलं लक्ष उडतं. पाणी घोट घोट प्या. होस्टने 'नक्की?' विचारलं की उत्तर चुकलंय असं समजू नका, तो बरोबर उत्तरालाही तेवढ्याच गंभीरपणे विचारतो, त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधण्यात वेळ घालवू नका. आधीचा प्रश्न सुटला की तो सोडून द्या, पुढच्या प्रश्नाचं पहिलं वाक्य ऐकायचं राहून जातं ते याच आनंदात.

सगळं झाल्यावर कागदपत्रांवर सह्या होतात, त्या वाचून करा. एपिसोड दिसेपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही असं करारात असतं, सेटवरचे फोटो स्टेटसला टाकायचा मोह त्यामुळे आवरावा लागतो. जिंकलेली रक्कम पूर्ण हातात येईल असं धरून खर्चाचे बेत करू नका. ब्रिटनमध्ये बक्षिसावर कर नाही, अमेरिकेत ते उत्पन्नात धरतात, भारतात ३० टक्के आणि वर सेस, मोठी रक्कम असेल तर सरचार्जही, आणि तो कापूनच पैसे खात्यात येतात. येतातही लगेच नाही, एपिसोड टीव्हीवर दिसल्यानंतर बरेच दिवस लागू शकतात, त्यामुळे पॅन आणि बँकेचे कागद दिलेत त्यांच्या प्रती आपल्याजवळ ठेवा आणि पैसे जमा झाले की कर कापल्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, रिटर्न भरताना लागतं.