पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी काम सुचवताय? या चुका टाळा

पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि जगभर पसरली. आपल्या देशात ती इतकी वर्षं टिकवून धरणारी शहरं फार थोडी आहेत. त्यामुळे "अर्ज केला होता, पुढे काहीच झालं नाही" हे वाक्य पुण्यात ऐकलं की वाईट वाटतं. बहुतेक वेळा सूचना चांगली असते. ती अभियंत्याला हाताळता येईल अशा रूपात गेलेली नसते, किंवा पैशांची तरतूद होते आणि नंतर तिच्यामागे कुणी उभं राहत नाही.

अंदाजपत्रकाची बातमी आल्यावर जागं होणं

आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. वर्तमानपत्रांत आकडे येतात आणि मग "आमच्या रस्त्याचं काय?" अशी पत्रं सुरू होतात. तोवर वॉर्ड ऑफिसकडून गेलेल्या यादीची छाननी होऊन महिने उलटलेले असतात. नागरिकांचे अर्ज सहसा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवले जातात आणि मुदत फार मोठी नसते. गणपतीच्या आधी सोसायटीची किंवा वस्तीची एक बैठक घ्या आणि कामं ठरवून ठेवा. अर्ज मागवणारं पालिकेचं जाहीर प्रकटन आलं की फक्त अर्ज भरायचा राहिला पाहिजे.

तक्रार लिहिणं, काम न लिहिणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे वाया जातात. "आमच्या भागात रस्त्यांची अवस्था दयनीय आहे, कृपया लक्ष द्यावे" हे वाचून कनिष्ठ अभियंता काय करणार? त्याला जागेवर जाऊन माप घ्यायचं असतं आणि सरकारी दरसूचीप्रमाणे खर्चाचं पूर्वगणनपत्रक तयार करायचं असतं. कुठला रस्ता, कुठून कुठपर्यंत, नेमकं काय करायचं, हे अर्जात नसेल तर तो अर्ज बाजूला पडतो.

तीच गोष्ट अशी लिहून बघा: "महापालिका शाळेच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत रस्त्याच्या डाव्या बाजूला पदपथ नाही. अंदाजे 60 मीटर लांबी, 1.8 मीटर रुंदी उपलब्ध आहे. मुलं रस्त्यावरून चालतात. पदपथ करावा आणि दोन्ही टोकांना व्हीलचेअर चढेल असा उतार द्यावा." सोबत दोन फोटो आणि नकाशावर खूण केलेली जागा जोडा. माप घ्यायला साधी टेप पुरते. लांबी थोडी चुकली तरी बिघडत नाही, अभियंता ती पुन्हा मोजणारच असतो. त्याला नेमक्या जागेवर उभं करणं एवढंच तुमचं काम.

एका अर्जात एकच काम लिहा. दिवे, गटार, बाक आणि कचरा अशी चार कामं एका कागदावर लिहिली की तो कागद चार खात्यांमध्ये फिरतो आणि शेवटी कुठल्याच खात्याचा राहत नाही.

रकमेचा अंदाज न घेणं

या मार्गाने सुचवलेल्या एका कामाच्या खर्चाला मर्यादा असते आणि ती बराच काळ 5 लाख रुपये राहिली आहे. प्रभागासाठीच्या एकूण रकमेलाही मर्यादा असते. त्या वर्षीच्या प्रकटनात दोन्ही आकडे तपासून घ्या. उड्डाणपूल, मोठी पावसाळी गटार योजना किंवा नवा दवाखाना इथे मागून उपयोग नाही. त्या मागण्या गैर नाहीत, पण त्यासाठी नगरसेवक, संबंधित खातं आणि स्थायी समिती हा रस्ता आहे. इथे बसतात ती कामं म्हणजे पदपथाचा तुकडा, दिव्याचे खांब, बसथांब्यावर बसायची सोय, उद्यानातली दुरुस्ती, सार्वजनिक शौचालयाची डागडुजी. ही कामं लहान दिसतात, पण रोज संध्याकाळी अंधारातून घरी येणाऱ्या बाईला दोन दिव्यांचा फरक विचारून बघा.

काम मोठंच असेल तर त्याचा स्वतंत्रपणे वापरता येईल असा टप्पा मागा. 300 मीटर पदपथापैकी शाळेसमोरचा तुकडा आधी, बाकीचा पुढच्या वर्षी. मात्र अर्धवट टाकून निरुपयोगी होईल असा तुकडा मागू नका.

जागा कुणाची हे न बघणं

सोसायटीच्या आवारातला रस्ता खासगी असतो, त्यावर महापालिका खर्च करणार नाही. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीचा कारभार वेगळा आहे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आहे आणि तिथल्या सूचना तिथेच द्यायच्या. रोहित्र आणि डीपी बॉक्स महावितरणकडे, बसच्या फेऱ्या पीएमपीएमएलकडे. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या ताब्यात आहेत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली. या गावांत तर रस्ता ताब्यात आला आहे की अजून सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावंच लागतं. वॉर्ड ऑफिसात अर्ध्या तासात हे कळू शकतं. तो अर्धा तास वाचवला की पुढचं अख्खं वर्ष जातं.

पोच न घेणं

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. ऑनलाइन भरला असेल तर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. "साहेबांना प्रत्यक्ष भेटून दिलाय" याला पुढे काही किंमत नसते, कारण साहेब बदलून जातात.

फक्त आपल्या गेटपुरता विचार

हा मार्ग सुरू झाल्यापासूनचं त्याचं खरं दुखणं हेच आहे. ज्यांच्याकडे वेळ, इंटरनेट आणि ओळखी आहेत त्यांचे अर्ज येतात. वस्तीतल्या बायका, पथारीवाले, कचरावेचक, भाड्याने राहणारे यांना मुदत संपल्यावरही काही कळलेलं नसतं, आणि पालिकेच्या सोयींची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते. शौचालयाचं दार तुटलंय, नळकोंडाळ्याजवळ चिखल होतो, ही कामं खर्चाच्या मर्यादेत सहज बसतात. अर्ज लिहायला बसाल तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या बचत गटाला बोलवा, त्यांचंही काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला अर्ज वॉर्ड ऑफिसला टाळणंही अवघड जातं.

"तरतूद झाली" म्हणजे काम झालं असं समजणं

मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर होतं. यादीत आपलं काम आणि त्यापुढे रक्कम दिसली की पेढे वाटले जातात. पण खरी धावपळ तिथून सुरू होते. 1 एप्रिलनंतर पूर्वगणनपत्रक, त्याला मान्यता, निविदा, मग कार्यादेश आणि त्यानंतर कुदळ. मध्ये पावसाळा येतो, रस्ते खोदाई थांबते. ऑक्टोबरपर्यंत निविदेचा पत्ता नसेल तर फेब्रुवारीत घाईघाईत उरकलेलं काम हाती येतं किंवा येतच नाही. 31 मार्चला न खर्चलेली तरतूद संपते.

त्याहून लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे प्रस्ताव वर्षभर मंजूर होत असतात. नागरिकांनी सुचवलेली कामं त्यात सहज बळी पडतात, कारण त्यांच्यासाठी आवाज उठवणारं आत कुणी नसतं. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतल्या, म्हणजे 'स यादी'तल्या कामांमागे नगरसेवक असतो, तुमच्या कामामागे तुम्हीच. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर सभागृहात प्रश्न विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

म्हणून मे महिन्यात विचारा, पूर्वगणनपत्रक झालं का? ऑगस्टमध्ये विचारा, निविदा निघाली का? तोंडी नको. अंदाजपत्रकातलं कामाचं नाव, रक्कम आणि तुमचा आवक क्रमांक लिहून एका परिच्छेदाचं पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. वॉर्ड ऑफिसात मोहल्ला समितीची, म्हणजे नागरिक आणि अधिकारी समोरासमोर बसतात ती, बैठक होत असेल तर हाच प्रश्न तिथे मांडा, म्हणजे उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

उत्तरच मिळत नसेल तर

थेट माहिती अधिकाराकडे धावण्याआधी एक सोपा मार्ग आहे. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना फाइल्स पाहू देण्याची प्रथा पुणे महापालिकेने 2009 मध्ये सुरू केली आणि 2018 मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांनाही लागू केली. आवक क्रमांक घेऊन जा आणि अर्जावर काय शेरा आहे ते पाहा.

तिथेही दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. "माझं काम का झालं नाही?" असं विचारलं तर टोलवाटोलवीचं उत्तर येतं. अर्जावरील शेऱ्याची प्रत, जागा पाहणीचा अहवाल आणि त्या कामाच्या तरतुदीचं वर्गीकरण झालं असल्यास त्या ठरावाची प्रत, अशी कागदपत्रं मागा.

सूचना नाकारली असेल तर शेरा बारकाईने वाचा. "जागा ताब्यात नाही" असेल तर दुसरी जागा किंवा दुसरं खातं शोधा. "खर्च मर्यादेबाहेर" असेल तर टप्पा पाडा. "निधी उपलब्ध नाही" असेल तर पूर्वगणनपत्रक झालंय का ते विचारा आणि झालं असेल तर त्याची प्रत घ्या. पुढच्या ऑगस्टमध्ये ती नव्या अर्जाला जोडली की अभियंत्याचं मोजमापाचं काम आधीच झालेलं असतं.