जुनी गाडी बघायला निघताय? आधी बोजा बघा

पुतणीचं लायसन्स गेल्या महिन्यात आलं. लातूरहून औशाला शाळेत शिकवायला जाते. एसटीच्या वेळांना आणि काळीपिवळीच्या मागच्या बाकड्याला ती कंटाळली आहे, तेव्हा दोन-सव्वादोन लाखांत एखादी छोटी गाडी बघून दे म्हणून भाऊ माझ्या मागे लागलाय. त्याला माझ्याशिवाय कोणी सापडलं नाही याचंच मला नवल वाटतं. तीन वर्षांपूर्वी भाच्यासाठी अशीच एक गाडी मी बघून दिली होती. ती गाडी चांगली निघाली, इंजिन आजही ठणठणीत आहे, पण तिचे कागद असे अडकले की बहीण अजून राखीपौर्णिमेला तो विषय काढते. म्हणून या वेळी घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी यादी लिहून काढतोय.

पहिलं, दुसरं आणि तिसरं: आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, बोजा. शेत घेताना आपण काय करतो? बांधावर जाऊन माती हातात घ्यायच्या आधी सातबारा काढतो आणि 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो का ते बघतो. मग गाडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते? आरसीवर हायपोथिकेशन म्हणून एखाद्या बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं नाव असेल तर तो बोजाच. हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं मुळीच नाही. हप्ते संपल्यावर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बँकेचा सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ घेऊन आरटीओत अर्ज करावा लागतो, तेव्हा कुठे आरसीवरून ते नाव जातं. निम्मे लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि हे काम तसंच ठेवून देतात. पुढे गाडी विकायला काढतात, आणि तुमच्या-माझ्यासारखा कोणीतरी ती घेतो.

मी घेतली ती अशी. पाडवा दोन दिवसांवर आला होता, गाडी पाडव्यालाच दारात पाहिजे असा घरातल्या सगळ्यांचा धोशा. विकणारा म्हणाला, "लोन कधीच निल झालंय सर. एनओसीचं काय, आठ दिवसांत आणून द्यायलो ना." मी पूर्ण पैसे मोजले. पाडव्याला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली. लोन खरंच निल होतं, पण मधल्या दोन हप्त्यांचे चेक परत गेले होते, त्याचा दंड आणि दंडावरचा दंड बाकी होता. तो भरल्याशिवाय एनओसी नाही. तो भरायचा कोणी, यावर दोन महिने फोन चालले. ज्या फायनान्सवाल्याचं कर्ज होतं त्याची इथली शाखा बंद झालेली. एनओसी कर्जदाराच्याच हातात देणार म्हणे, आणि कर्जदार तोवर नोकरीला पुण्यात गेलेला. गाडी नावावर व्हायला अकरा महिने लागले. मधल्या काळात मुरूडजवळ उसाच्या ट्रॉलीचा दांडा दरवाजा आणि हेडलाइट ओरबाडून गेला. विमा कंपनीने विचारलं, पॉलिसी कोणाच्या नावावर? जुन्या मालकाच्या. आरसी? तीही त्याच्याच. झालं. अठरा हजार खिशातून गेले. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळायचे तर पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी कागद पुढे सरकायला हवेत. ते बोज्यापाशी अडकलेले.

तेव्हा कोणी फोनवर गाडी सांगितली की आधी फक्त नंबर मागायचा. फोटो नको, किंमत नको. नंबर एमपरिवाहन अॅपमध्ये टाकायचा आणि फायनान्सवाल्याचं नाव दिसतं का ते बघायचं. दिसलं तर विकणाऱ्याला एकच सांगायचं: आधी बोजा उतरवा, मग फोन करा. तो चांगला माणूस असेल तर उतरवील. "मी हाव ना, टेन्शन कशाला घेताव" म्हणणारा असेल तर बस पकडून परत या. त्याच अॅपमध्ये नोंदणीची मुदत, विमा आणि पीयूसी कळतं. चलानं राज्याच्या ई-चलानाच्या साइटवर वेगळी तपासा. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. ती दीड वर्षात संपणार असेल तर फेरनोंदणीची फी, तपासणी आणि पर्यावरण कर तुमच्या डोक्यावर येणार आहे हे धरूनच किंमत बोला. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा.

आमच्याकडे आणखी एक मोह आहे, सीमेपलीकडचा. उदगीर-निलंग्याकडे केए ३८ म्हणजे बिदरच्या आणि केए ३२ म्हणजे कलबुर्गीच्या गाड्या स्वस्तात फिरत असतात. स्वस्त का, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणून इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. ते सगळं धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. नव्या माणसाने एमएच २४ म्हणजे लातूरची किंवा आजूबाजूची, फार तर सोलापूर-पुण्याची गाडी बघावी.

कुठली गाडी यावर जास्त डोकं लावत नाही. ऑल्टो, वॅगनआर, जुनी आय-टेन, बरी मिळाली तर टियागो. औशाच्या गॅरेजवाल्याकडे ज्याचा पार्ट दुपारपर्यंत मिळतो तीच गाडी चांगली. शेवरोलेने २०१७ ला इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ ला इथलं उत्पादन थांबवलं, डॅटसन २०२२ ला गेली. या गाड्या मस्त चालतात, स्वस्त मिळतात, पण काच फुटली की काच शोधत हिंडायचं काम नव्या माणसाला देऊ नये. डिझेल नको, रोजच्या चाळीस किलोमीटरला पेट्रोल पुरतं. सीएनजी असेल तर ते आरसीवर चढवलेलं पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली पाहिजे. बाहेरून बसवलेलं आणि आरसीवर नसलेलं असेल तर सोडून द्या. पॉवर स्टिअरिंग हवंच. २०१९ नंतरची मिळाली तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, आणि ड्रायव्हरची एअरबॅग येते, त्यासाठी दहा-वीस हजार जास्त गेले तरी चालतील.

आता गाडी बघायला जायचं. सकाळी जा आणि येतोय म्हणून आदल्या दिवशी सांगा, पण वेळ सांगू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी तुमच्या आधी गाडी चालू करून ठेवली आहे. का केली ते विचारा, आणि चहा पिऊन ती थंड होईपर्यंत बसून राहा. थंड इंजिनला पहिला सेल मारल्यावर जो आवाज आणि जो धूर निघतो तोच खरा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय, तिथूनच नमस्कार करा.

इंजिन थंड असतानाच, आणि फक्त थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि बाकीची वर्षं आम्ही बोअरवर काढतो. तेच बोअरचं पाणी लोक बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततात. भाच्याच्या गाडीनंतर मी एक दुसरी गाडी बघितली होती. तिच्या झाकणाच्या आतली स्प्रिंग अक्षरशः पांढरी होती. अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात जसा क्षार धरतो तसा, नखाने खरवडला तर पापुद्रा निघायचा. आतलं पाणी गढूळ तांबूस. तोंडापाशी हे असेल तर आतल्या बारीक नळ्यांचं काय झालं असेल? मे महिन्यात दुपारी एसी लावून रेणापूर नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की ती गाडी शिटी मारणार. आत रंगीत कूलंट दिसलं पाहिजे. नंतर गाडी चालू ठेवून एसी फुल करून वीस मिनिटं उभी करा. पंखा लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो, असं झालं म्हणजे ठीक.

पुराचं बघा. सप्टेंबर २०२५ च्या पावसात मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी या सगळ्यांच्या काठची गावं पाण्याखाली गेली होती. गाड्याही गेल्याच असणार, आणि धुऊन-पुसून त्या कुठेतरी विकायला उभ्या राहणारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, मुळाशी मातीची रेघ दिसते. तिथे कोणी धुवत नाही. पायाखालचा गालिचा उचला, स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवा, सीटच्या पट्ट्या गंजल्या आहेत का बघा. गाडीत अत्तराचा वास जरा जास्तच दरवळत असेल तर मला तरी संशय येतो.

पत्र्याला लोहचुंबक लावा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. एखादा दरवाजा भरलेला असेल तर त्याचं काही नाही, आपल्या रस्त्यांवर तो भरलेला नसेल तरच आश्चर्य. पण पुढच्या चॅसीच्या दांड्याला वेल्डिंग दिसलं तर नको. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर अठ्ठावीस हजार, हे जमत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल दिसली तरी मराठवाड्याच्या उन्हात सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, चार टायरचे पैसे किमतीतून कापून मागा.

चालवून बघताना पुतणीला चालवू द्या. विकणाऱ्याला शेजारी बसवू नका, त्याच्या गप्पांत गाडीचा आवाज बुडतो. आवाज तुम्ही ऐका. तिला सीटवरून बॉनेटचं टोक दिसतं का, क्लच पूर्ण दाबता येतो का, हे तिलाच कळेल. गतिरोधकावर खटखट येते का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघा. चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाही म्हणजे क्लच प्लेट गेली. नवा ड्रायव्हर उरलेली प्लेट तीन महिन्यांत खाणारच आहे, तेव्हा तो खर्च धरूनच चाला. आणि मेस्त्री आपला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. पाचशे-हजार रुपये आणि नाश्ता, एवढ्यात दोन लाख वाचतात.

गाडी आवडली? छान. बोजा बघितला का? मागच्या आठवड्यात बघितला असेल तरी इसार द्यायच्या आधी तिथेच उभं राहून पुन्हा अॅप उघडा. मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्स नको. आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का? मधला कोणी कोऱ्या फॉर्मवर आधीच्या मालकाच्या सह्या घेऊन बसला असेल तर मूळ मालकाशी स्वतः फोनवर बोला, कारण ऑनलाइन कामात ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. चॅसी नंबर आरसीवरच्या नंबरशी एकेक आकडा लावून बघा. एनओसी दाखवली तर तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि मुदत वाचा. आणि एनओसी दाखवली म्हणजे बोजा उतरला असं नाही, हे अजून एकदा लिहून ठेवतो. ती आरटीओत जाऊन आरसीवरून नाव गेलेलं दिसलं पाहिजे. तोवर इसार पाच हजार, वर एक रुपया नाही, आणि इसारपावतीवर "बोजा न उतरल्यास रक्कम परत" असं लिहून त्याची सही घ्या. मुहूर्त हुकला तर हुकू द्या. पाडवा झाला की अक्षय तृतीया येते, ती झाली की दसरा.

पैसे बँकेतून द्या, रोख नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ओळखपत्रांच्या प्रती, फोटो. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर घ्या, त्याआधीची चलानं त्याची. विमा चौदा दिवसांत. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, त्याचा, आपल्याला मिळत नाही. दुसरी किल्ली. जॅक, पाना. पंचवीस हजार बाजूला ठेवा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगला लागतातच.

हे लिहितोय तोवर भावाचा फोन आला. निलंग्याला एक वॅगनआर आहे म्हणे, पांढरी, एकाच मालकाची, डॉक्टरांची, शोरूमसारखी, आणि उद्याच दुसरं गिऱ्हाईक येणार आहे.

नंबर पाठव म्हटलं.