अणुभट्टीतल्या थर्मोकपलचा ड्रिफ्ट कमी करायचा तर

सोलापुरात साखर कारखान्याचा बॉयलर घ्या नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं डाइंग, सगळीकडं बहुतेक के टाइप थर्मोकपलच (निकेलच्या दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला तापमानाचा सेन्सर), आणि रीडिंग हळूहळू घसरलं, म्हणजे ड्रिफ्ट झाला, की आपण काढून नवीन टाकतो, विषय संपला. अणुभट्टीत तसं जमत नाही, रेडिएशनमुळं पुढच्या शटडाऊनपर्यंत हातच लावता येत नाही. आपली इन्स्ट्रुमेंटेशनची पोरं तिकडं कामाला जातात, त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं हे पक्कं करा, की व्होल्टेज टोकाच्या जोडात तयार होत नाही, तारेच्या ज्या भागात गरम ते थंड असा उतार आहे तिथं होतं. म्हणजे खराब होते ती तार. आता तोच वापरलेला सेन्सर काढून लॅबच्या फर्नेसमध्ये घातला तर उतार तारेच्या दुसऱ्याच भागावर पडतो, मग ओके आला तरी त्या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही, आतमध्ये तो चुकतच होता. म्हणून तपासायचं तर जागेवरच, शेजारी एक रिकामी ट्यूब डिझाइनमध्येच मागून घ्या, त्यात नवा कॅलिब्रेट केलेला सेन्सर तेवढ्याच खोलीला घालून दोन्ही रीडिंग बघा. आणि जुन्याची खोली मध्येच बदलू नका.

के टाइपला साधारण २५० ते ५५० अंशांत धातूच्या आतली अणूंची मांडणीच बदलते, काही अंशांचा फरक त्यातूनच येतो. कल्पाक्कमच्या पीएफबीआरमध्ये (सोडियमनं थंड होणारी फास्ट ब्रीडर अणुभट्टी) सोडियम बाहेर पडायचं डिझाइन तापमान ५४७ अंश, म्हणजे अगदी याच पट्ट्यात. उपाय असा की बसवायच्या आधीच ४५० अंशांच्या आसपास काही तास एजिंग करून घ्यायचं, म्हणजे तेवढं तापवून ठेवायचं. ८०० च्या वर मात्र के नकोच, एन टाइप घ्या (निकेलच्याच दुसऱ्या मिश्रधातूंची जोडी), आणि ती साध्या इन्कोनेलच्या (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) शीथमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, नाही, कारण शीथमधलं मँगनीज वाफ होऊन तारेत शिरतं. निक्रोसिलसारख्या (निकेल-क्रोमियम-सिलिकॉन) मिश्रधातूची शीथ मागा, जाडी परवडेल तेवढी जास्त.

त्याच्याही वर गेलात की बाहेर टंगस्टन-रेनियम चालतं, पण न्यूट्रॉन फ्लक्समध्ये, म्हणजे न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्यात, टंगस्टनचं रेनियम आणि रेनियमचं ऑस्मियम होत जातं, तारच बदलली तर कॅलिब्रेशन कशाचं राहणार? प्लॅटिनम-रोडियममध्येही रोडियमचं पॅलेडियम होतं. यासाठीच अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीनं मॉलिब्डेनम-निओबियमची जोडी तयार केली, हे धातू न्यूट्रॉन कमी पकडतात.

इन्सुलेशन रेझिस्टन्स बसवण्याआधी थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा, कारण तापमान वाढलं की तार आणि शीथ यांच्यामध्ये भरलेल्या मॅग्नेशियाचा (मॅग्नेशियम ऑक्साइड) रेझिस्टन्स पडतो, त्यात ओल शिरली असली तर आणखीनच, आणि ती चूक ड्रिफ्टसारखीच दिसते.

आणि एकाच जागी चारही सेन्सर एकाच टाइपचे, एकाच बॅचचे टाकू नका, चौघं एकाच दिशेला घसरले तर सरासरी बघून काहीच कळणार नाही, निदान एक वेगळ्या टाइपचा पाहिजेच.