प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णातील मेंदूच्या संसर्गाचे निदान

ताप आणि ताठरलेली मान यांची वाट पाहू नये. ही लक्षणे बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकारातून उमटतात, आणि प्रतिकारच दुबळा असेल तर मेंदूत संसर्ग असूनही ती दिसत नाहीत. त्यामुळे काही आठवडे वाढत चाललेली डोकेदुखी, वागण्यातला बदल किंवा नव्याने आलेली फिट एवढ्यावरही तपासणी सुरू करावी.

प्रतिकारशक्तीचा कोणता भाग लंगडा पडला आहे हे आधी ठरवावे. माझ्या मते निम्मे निदान तिथेच होते. एचआयव्हीबाधितात सीडी४ पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दर घन मिलिमीटर रक्तात १०० च्या खाली गेल्या असतील तर क्रिप्टोकोकस ही बुरशी आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांचा विचार प्रथम करावा. क्षयरोग मात्र कोणत्याही पातळीवर होऊ शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत लिस्टेरिया व नोकार्डिया हे जिवाणू विसरू नयेत. रितुक्सिमॅब (बी पेशी कमी करणारे औषध) घेतलेल्या रुग्णात प्रतिपिंडेच (अँटिबॉडी) पुरेशी तयार होत नसल्याने प्रतिपिंडांच्या चाचणीपेक्षा पीसीआरवर (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीवर) भर द्यावा.

लंबर पंक्चरपूर्वी (पाठीच्या कण्यातून सुईने मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्यापूर्वी) मेंदूचे स्कॅन करावे, शक्यतो कॉन्ट्रास्टसह एमआरआय. जिवाणूजन्य मेंदूज्वराची शंका असेल तर स्कॅनसाठी थांबून न राहता रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) घेऊन लगेच प्रतिजैविके द्यावीत.

पाठीतले पाणी काढताना रुग्ण कुशीवर असावा, सुई आत गेल्यावर त्याचे पाय सैल सोडवावेत आणि दाब मोजल्याशिवाय नमुना घेऊ नये, कारण पाण्याच्या स्तंभाच्या २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त दाब क्रिप्टोकोकसच्या रुग्णात वारंवार आढळतो आणि तो उतरवणे हा उपचाराचाच भाग असतो. याच रुग्णात पेशींची संख्या व साखर जवळपास नॉर्मल असू शकते, म्हणून रिपोर्ट चांगला दिसला तरी क्रिप्टोकोकल अँटिजेन (त्या बुरशीचा अंश) तपासावेच. क्षयरोगाच्या चाचणीसाठी थेंबभर नमुना पुरत नाही. शक्य असल्यास १० मिलिलिटरपर्यंत पाणी पाठवावे, आणि जीनएक्सपर्ट (क्षयजंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून क्षयरोग नाही असे समजू नये. हर्पिस विषाणूची पीसीआरही पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. शंका कायम असल्यास हर्पिसवरचे औषध चालू ठेवून ती पुन्हा करावी.

एक जंतू सापडला म्हणून शोध थांबवू नये, कारण अशा रुग्णांत दोन संसर्ग एकत्र असू शकतात. टॉक्सोप्लाझ्माचा उपचार दोन आठवडे देऊनही एमआरआयमधील गाठी कमी झाल्या नाहीत, तर लिम्फोमाचा (लसिका पेशींच्या कर्करोगाचा) विचार करून बायोप्सीबाबत (गाठीचा तुकडा काढून तपासण्याबाबत) न्यूरोसर्जनशी बोलावे; आणि जिवाला धोका नसेल तर तोपर्यंत स्टेरॉइड टाळावे, कारण त्याने लिम्फोमाची गाठ तात्पुरती आक्रसते व बायोप्सीत निदान हुकते.