पाटी रंगवण्याआधी: छोटा सेवा व्यवसाय सुरू करताना

सेवा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की पहिला आठवडा नाव शोधण्यात जातो. मग लोगो, व्हिजिटिंग कार्ड, फेसबुकचं पान. माझाही गेला. मला घरातल्या किरकोळ दुरुस्त्या करायच्या होत्या: बिजागऱ्या, फळ्या, कड्या. कार्डं छापून आली तेव्हा हातात एकही काम नव्हतं. पहिलं काम मिळालं ते शेजारच्या काकूंच्या घासणाऱ्या दारामुळे, आणि कार्ड त्यांना द्यायचं राहूनच गेलं. म्हणून सांगतो, क्रम उलटा ठेवा. आधी काम, मग पाटी.

एका वाक्यात बसेल असं काम निवडा

"घरातलं काहीही सांगा, करून देतो" म्हणणारा माणूस कोणाच्या लक्षात राहत नाही. "दारं-खिडक्या दुरुस्त करून देतो" म्हणणारा राहतो. तुमचं वाक्य ओळखीच्या माणसाला तुमच्या माघारी तिसऱ्याला जसंच्या तसं सांगता आलं पाहिजे. शिकवणी असो, शिवणकाम असो की हिशेब लिहून देणं, सुरुवातीची गिऱ्हाइकं अशीच तोंडोतोंडी येतात. बाकीची कामं मागाहून येतातच. दार दुरुस्त होईस्तोवर घरातल्या कोणाला तरी गळका नळ आठवतो.

मत विचारू नका, मागचा अनुभव विचारा

"मी असं काहीतरी सुरू करतोय, कसं वाटतं?" या प्रश्नाला भिडेखातर सगळे "छान!" म्हणतात. त्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याऐवजी दहा जणांना गाठून विचारा: हे काम मागच्या खेपेला कोणाकडून करून घेतलं? किती दिवस थांबावं लागलं? किती पैसे गेले? काय खटकलं? मला वाटलं होतं, लोक दराबद्दल कुरकुरतील. बहुतेकांनी सांगितलं ते वेगळंच: "येतो म्हणतात आणि येत नाहीत." तेव्हापासून निघताना फोन करायचा आणि उशीर होणार असेल तर तसं आधीच कळवायचं, हा नेम केला. त्याला पैसा लागत नाही.

दर ठरवताना कुठल्या तासांनी भागायचं?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आधी ओळखीतली तीन कामं घ्या आणि वेळ लिहून ठेवा. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा पूर्ण वेळ. फक्त स्क्रूड्रायव्हर हातात होता तेवढा नव्हे.

महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास धरले तर २०८ तास होतात. त्यातून प्रवास, सामान आणणं, काम पाहून येणं, फोन, वसुली आणि रिकामे गेलेले दिवस वजा करा. बिलात धरता येतील असे १२० तास उरले तरी सुरुवातीला पुष्कळ. आता महिन्याचा सगळा खर्च मांडा: घरखर्च, हत्यारांची झीज, प्रवास, फोन, विमा, कर आणि आजारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम. हा आकडा २०८ ने भागून जो दर येतो, त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट १२० ने भागल्यावर येतो. नवखा माणूस २०८ ने भागतो, शेजारच्यापेक्षा स्वस्त पडतो म्हणून खूश होतो आणि वर्षभर राबूनही हाती काही का लागत नाही याचं कोडं सोडवत बसतो.

हिशेब तासांचा करा, पण गिऱ्हाइकाला शक्यतो कामाचा ठरावीक दर सांगा. तासावर काम घेतलं की समोरचा घड्याळाकडे बघत बसतो. शिवाय हात बसला की काम लवकर उरकतं, म्हणजे तरबेज होण्याचा तोटा तुम्हालाच. जुनी गटारलाइन किंवा भिंतीआडची गळती यांसारखं, उघडल्याशिवाय कळत नाही असं काम मात्र तासावरच घ्यावं.

दुकानदाराचा न खपलेला माल फळीवर राहतो, उद्या विकला जातो. तुमची रिकामी गेलेली दुपार परत विकता येत नाही. म्हणून ऐन वेळी काम रद्द झालं तर किती आकारणार, ते वेळ देतानाच सांगून टाका.

कागदपत्रं आणि हत्यारं

नोंदणी, परवाना आणि कराचे नियम जागेप्रमाणे बदलतात. तुमच्या भागातल्या कार्यालयात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. वीज, गॅस, खाद्यपदार्थ आणि मुलांचा सांभाळ या कामांना बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते. दुसऱ्याच्या घरात काम करणार असाल तर नुकसानभरपाईच्या विम्याची चौकशी करा. बँकेत खातं वेगळं काढा. घरचे आणि धंद्याचे पैसे एकात मिसळले की नफा झाला की नाही हे कळायला मार्गच राहत नाही.

हत्यारं पहिल्या तीन कामांपुरतीच घ्या. क्वचित लागणारं यंत्र भाड्याने आणा. तेच दर महिन्याला भाड्याने आणावं लागू लागलं की विकत घ्या.

काय करणार आणि काय नाही, दोन्ही लिहा

एकदा "दोन फळ्या ठोकून द्या" एवढ्याच बोलीवर गेलो. भिंतीला जुनी सात भोकं होती, ती "जाता जाता" बुजवायची होती. कपाट सरकवायचं होतं. कपाटामागे दिव्याचं बटण निघालं, तेही सैल. दीड तासाच्या कामात दिवस गेला आणि पैसे मिळाले ते फळ्यांचे. दोष त्यांचा नव्हता. मी काहीच लिहून दिलं नव्हतं.

आता मी काम सुरू करण्याआधी पाच ओळींचा मेसेज पाठवतो: काय करणार, काय यात धरलेलं नाही, सामान कोण आणणार, कधी येणार, पैसे किती आणि केव्हा. "ठीक आहे" असं उत्तर आल्याशिवाय पिशवी उचलत नाही. सामान मला आणायचं असेल तर त्याचे पैसे आगाऊ घेतो. हात लावण्याआधी फोटो काढतो. गंजलेला नळ फिरवताना तुटला तर तो आधीपासून कसा होता, हे दाखवता येतं.

नातेवाइकांचं काम फुकट करू नका. बिलावर पूर्ण रक्कम लिहा, खाली सूट दाखवा. खरा दर काय आहे हे त्यांना कळतं आणि पुढे ते दुसऱ्यालाही तोच सांगतात.

काम संपल्यावर

बिल त्याच दिवशी, शक्यतो तिथेच उभ्या उभ्या द्या. चार दिवसांनी पाठवलेलं बिल आठ दिवसांनी उघडलं जातं. आलेल्या पैशातून कराचा वाटा लगेच बाजूला काढा. तक्रार आली तर वाद फोनवर घालू नका, जाऊन बघा. चूक आपली असेल तर दुसरी खेप फुकट.

वहीत आणखी एक पान ठेवा: नाही म्हटलेल्या कामांचं. तारीख, काम, का नाकारलं, एवढंच. "वेळ नव्हता" हे कारण पुन्हा पुन्हा दिसायला लागलं की आधी नव्या गिऱ्हाइकांसाठी दर वाढवून बघा. तरीही फोन थांबत नसेल तर मदतनीस शोधा, सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवसांसाठी. आणि "हे काम येत नाही" असं दर दोन-चार फोनांनी लिहावं लागत असेल, तर पुढचं काय शिकायचं ते त्याच पानावर सापडेल. मी नळाचं काम तिथूनच शिकायला घेतलं.