गरम पाण्याच्या कुंडातील वायू कसा तपासावा

दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व राजवाडी, राजापूरजवळचे उन्हाळे अशा कोकणातील गरम झऱ्यांपैकी काहींच्या तळातून बुडबुडे वर येत असतात. ते वाफेचे आहेत असा समज आढळतो, परंतु उन्हवऱ्याचे पाणीसुद्धा सुमारे ७० अंश सेल्सिअसच तापलेले असते, म्हणजे उकळण्यापासून ते बरेच दूर आहे. मुरणारे पावसाचे पाणी आपल्याबरोबर विरघळलेली हवा घेऊन खडकांच्या भेगांतून खोल उतरते व तेथे तापते; वाटेत ऑक्सिजन खडकांतील लोह व गंधकाच्या संयुगांत खर्ची पडतो, नायट्रोजन मात्र तसाच राहतो आणि वर येताना दाब घटला की सुटतो. त्यामुळे या वायूत नायट्रोजनच प्रमुख असतो. सोबत अल्प प्रमाणात येणारा हेलियम खडकांतील युरेनियम व थोरियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तयार होतो.

वायू गोळा करण्यासाठी लहान बाटली कुंडाच्याच पाण्याने काठोकाठ भरून तोंड पाण्याखाली ठेवत उलटी करावी, त्यात फनेल बसवून ते बुडबुड्यांवर धरावे आणि वायू भरला की पाण्याखालीच बूच लावावे. हात भाजू नये म्हणून लांब चिमटा वापरावा; कुंड पूजेचे असेल तर आधी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी, हे मी आवर्जून सांगेन. नंतर मोकळ्या जागी बाटली उलटीच धरून खालून जळती काडी आत न्यावी: ती विझली तर वायू ज्वलनाला मदत करीत नाही एवढे ठरते, पण तो नायट्रोजन की कार्बन डायऑक्साइड हे ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या बाटलीत चुन्याची निवळी घालून हलवावी. ती दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड आहे. मात्र हा वायू गोळा करतानाच थोडा पाण्यात विरघळतो, म्हणून या कसोटीवरून प्रमाण काढू नये.

कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो अगदी थोडा असतानाही जाणवतो, पण प्रमाण धोकादायक झाले की नाकाची संवेदनाच बोथट होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे कधीही मानू नये. हवेपेक्षा जड असल्याने तो खोलगट जागी साठतो. म्हणून बंदिस्त स्नानगृहाची दारे-खिडक्या आधी उघडाव्यात, उपसलेल्या कुंडात एकट्याने उतरू नये, आणि आत कोणी कोसळल्यास त्याच्यामागे उडी न घेता बाहेरूनच दोराने ओढून मदत मागवावी.